फळ्यापुढे कोण उभं राहणार?

तिसरीचा वर्ग, सोमवारची सकाळ. घरी इंग्रजी बोलणारी पण शाळेत फ्रेंचमधून शिकणारी वीसेक मुलं गालिच्यावर मांडी घालून बसली आहेत. सुट्टीत काय केलं ते एकेक जण सांगतो आहे. एक मुलगा म्हणतो, "झे आले ओ पार्क." त्याला सांगायचं आहे, मी बागेत गेलो. पण फ्रेंचमध्ये 'जाणे'चा भूतकाळ करताना वेगळं सहायक क्रियापद लागतं. 'झ स्वी आले' असं हवं होतं. घरच्या इंग्रजीतलं 'हॅव' मुलाने सरळ फ्रेंचमध्ये आणून बसवलं. मराठी कानाला 'मी बागेत गेलं' जसं खटकेल, तसंच हे. बाई हसून म्हणतात, "आ, त्यू ए आले ओ पार्क!" म्हणजे, अस्सं, तू बागेत गेला होतास! मुलगा खुशीत मान हलवतो, "वी!" म्हणतो आणि घसरगुंडीची हकीकत सांगू लागतो. बाईंनी चूक सुधारली. मुलाला वाटलं, बाईंना आपली गोष्ट आवडली.

कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन शाळांमध्ये असा प्रसंग रोजचा आहे. रॉय लिस्टर आणि लेला रांता या संशोधकांनी अशा वर्गांतल्या अठरा तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. शिक्षक सर्वांत जास्त वापरत होते ती हीच पद्धत: मुलाचं वाक्य शुद्ध करून स्वतःच म्हणायचं आणि पुढे जायचं. दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के दुरुस्त्या अशा होत्या. त्यांची मुलांनी काही दखल घेतल्याचं दिसलं ते जेमतेम ३१ टक्के वेळा. याउलट बाईंनी वाक्य अर्ध्यावर सोडून, भुवया उंचावून "झ...?" म्हणत मुलाकडे पाहिलं, की मूल दर वेळी काहीतरी प्रतिसाद देत होतं. म्हणजे त्या एका क्षणी बाई काय करतात यावर बरंच अवलंबून आहे. तिथे कसं थांबायचं, किती थांबायचं, मुलाला न दुखावता त्याच्याच तोंडून बरोबर रूप कसं काढून घ्यायचं, हे नुसतं अस्खलित फ्रेंच येण्याने जमत नाही. ते शिकावं लागतं आणि शिकवावंही लागतं.

हे शिकवण्याची जागा म्हणजे विद्यापीठातला शिक्षक-प्रशिक्षण विभाग. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांतून, दोन भाषांसाठी शिक्षक घडवण्याचं काम कॅनडात कसं उभं राहिलं, कुठे अडलं आणि आज कुठे आलं आहे, हा पुढच्या विवेचनाचा विषय आहे. तिथल्या भाषावादाबद्दल मराठीत अधूनमधून लिहिलं जातं. त्यात क्वेबेकचं सार्वमत येतं, दुभाषी पाट्या येतात, न्यायालयाचे निकाल येतात. शिक्षक मात्र क्वचितच येतो. वास्तविक त्या देशात भाषेची प्रत्येक लढाई शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबली आहे: हक्क मिळाला, शाळा मिळाली, पण फळ्यापुढे कोण उभं राहणार?

आधी कामाचं स्वरूप नीट पाहायला हवं, कारण 'फ्रेंचचे शिक्षक' या एका नावाखाली निदान तीन वेगळे पेशे आहेत. पहिला, क्वेबेकबाहेर राहणाऱ्या फ्रेंच भाषकांच्या स्वतःच्या शाळांमधला. तिथे फ्रेंच ही मुलांच्या घरची भाषा. निदान तशी अपेक्षा असते. दुसरा इमर्शनचा: मुलं इंग्रजी घरातली, पण गणित, विज्ञान, इतिहास फ्रेंचमधून. तिसरा, इंग्रजी शाळेत दिवसाकाठी एक तास फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंचा. ऑन्टारिओत चौथी ते आठवी हा विषय सक्तीचा आहे. फ्रेंचबहुल क्वेबेकमध्ये चित्र उलटं आहे. तिथे इंग्रजी माध्यमाच्या अल्पसंख्य शाळा आहेत आणि फ्रेंच शाळांमध्ये २००६ पासून पहिलीपासूनच दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवलं जातं. या प्रत्येक कामाला लागणारी तयारी वेगळी. फ्रेंच शाळेतल्या बाईंना मुलाची भाषा जपायची असते, इमर्शनच्या बाईंना ती अपूर्णांकांच्या आणि ज्वालामुखींच्या आडून रुजवायची असते, आणि एका तासाच्या बाईंना मुळात मुलांचं लक्षच मिळवायचं असतं. आपल्याकडे बी.एड.ला 'आशययुक्त अध्यापन' हा विषय असतो. इमर्शनच्या शिक्षकाला तो दुप्पट करून शिकावा लागतो, कारण त्याच्या प्रत्येक तासाचे आशय दोन असतात, विषयाचा आणि भाषेचा.

देश मुळात किती दुभाषी आहे, तेही लक्षात घ्यायला हवं. २०२१ च्या जनगणनेत इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत संभाषण करू शकणाऱ्यांचं प्रमाण १८ टक्के होतं. क्वेबेकमध्ये ते ४६ टक्क्यांच्या वर होतं, क्वेबेकबाहेर ९.५ टक्के. क्वेबेक सोडून उरलेल्या कॅनडात दहातला एक जणही दुभाषी नाही. इमर्शनला बसणारी मुलं मात्र साडेचार लाखांहून अधिक आहेत. त्यांचे शिक्षक त्या दहातल्या एकातूनच शोधायचे आहेत.

सुरुवात जुनी आहे. 'नॉर्मल स्कूल' हा शब्द मराठी वाचकाला सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रातून ओळखीचा आहे. मूळचा तो फ्रेंच, 'एकोल नॉर्माल': शिकवण्याचे नमुने घालून देणारी शाळा. टोरांटोत अशी शाळा १८४७ मध्ये एगर्टन रायर्सन यांनी काढली. दहा वर्षांनी, १८५७ मध्ये, आजच्या क्वेबेकमध्ये एकाच वर्षी तीन नॉर्मल स्कूल उघडल्या: माँट्रियलमध्ये मॅगिल आणि झाक-कार्तिये, क्वेबेक शहरात लाव्हाल. मॅगिल इंग्रजी आणि प्रॉटेस्टंट, बाकी दोन कॅथलिक. त्या उभ्या करणारे शिक्षणाधिकारी प्येर-झोझेफ-ऑलिव्हिये शोव्हो पुढे प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. भाषा आणि धर्म यांची वाटणी शिक्षक घडवण्याच्या पहिल्या दिवसापासून अशी झाली आणि शंभर वर्षं टिकली.

रायर्सन यांचं नाव घेताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढण्याच्या कल्पनेला त्यांच्या १८४७ मधल्या अहवालाचा आधार मिळाला. त्या शाळांनी पिढ्यान्पिढ्यांची मातृभाषा तोडली. टोरांटोतल्या त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने ते नाव २०२२ मध्ये उतरवलं. इंग्रजी-फ्रेंच वादात ज्यांचं नावही निघालं नाही अशा क्री, ओजिब्वे, इनुक्टिटूट या भाषांसाठी शिक्षक घडवण्याचं काम कुठे आता आकाराला येत आहे. तो विषय स्वतंत्र आणि मोठा आहे. पण 'दोन भाषांचा देश' हे शब्द वापरताना त्याचं भान सुटता कामा नये.

ऑन्टारिओची गोष्ट इथे जरा थांबून सांगायला हवी, कारण शिक्षक-प्रशिक्षण इतकं का महत्त्वाचं, ते तिथे लख्ख दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रांतातल्या फ्रेंच भाषकांच्या शाळांबद्दल तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने एफ. डब्ल्यू. मर्चंट या अधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठवलं. १९१२ च्या त्यांच्या अहवालात शाळांच्या दर्जावर टीका होती आणि शिक्षकांची तयारी अपुरी असल्याचं स्पष्ट नोंदलेलं होतं. ते खरंही होतं. फ्रेंच शाळेवर शिकवू इच्छिणाऱ्या मुलींना धड प्रशिक्षण घ्यायला जागाच नव्हती. यावर साधा उपाय होता: शिक्षक तयार करा. सरकारने दुसराच काढला. त्याच वर्षी 'नियम १७' आला. फ्रेंच माध्यम पहिल्या दोन इयत्तांपुरतं. त्यापुढे सगळं इंग्रजीतून. आजार शिक्षकांच्या तयारीचा आणि शस्त्रक्रिया मुलांच्या भाषेवर, असा तो प्रकार होता.

फ्रेंच भाषक गप्प बसले नाहीत. १९१३ मध्ये ऑटव्यात 'ल द्र्वा' हे वृत्तपत्र निघालं. नावाचा अर्थच 'हक्क'. आणि मग गीग शाळेचं प्रकरण घडलं. ऑटव्यातल्या मरे स्ट्रीटवरच्या या शाळेत डियान आणि बेआत्रिस देलोज या सख्ख्या बहिणी शिकवत. नियम १७ मानायला त्यांनी नकार दिला. त्यांना शाळेतून काढलं, तेव्हा त्यांनी बाहेर मिळेल त्या जागेत वर्ग चालू ठेवले आणि मुलं त्यांच्यामागून गेली. जानेवारी १९१६ मध्ये मुलांच्या आयांनी या दोघींना पुन्हा शाळेत नेऊन बसवलं आणि दारांवर पहारा ठेवला. हाताला लागेल ते हत्यार: लाटणी, कात्र्या आणि त्या काळी टोपी केसांत पक्की बसवायला बायका वापरत त्या लांब टाचण्या. पोलीस आले आणि परत गेले. फ्रेंच कॅनडाच्या इतिहासात ही 'टोपीच्या टाचण्यांची लढाई' म्हणून नोंदली गेली. लोककथेसारखी ती सांगितली जाते आणि सांगावी अशीच आहे. पण त्या आया नेमक्या कशाचं रक्षण करत होत्या? इमारत तर तीच होती आणि बाकंही तीच. त्यांनी जिवापाड सांभाळल्या त्या दोन शिक्षिका.

या लढ्याचं टिकाऊ फळ सात वर्षांनी दिसलं. १९२३ मध्ये ऑटवा विद्यापीठात फ्रेंच शाळांसाठी शिक्षक तयार करणारी अध्यापन शाळा सुरू झाली. हे विद्यापीठ १८४८ मध्ये बिशप गीग यांनीच कॉलेज म्हणून स्थापन केलं होतं. मरे स्ट्रीटवरच्या गीग शाळेला नाव त्यांचंच. पुन्हा एक चौकशी समिती नेमली गेली, तीत पुन्हा मर्चंट होते, आणि १९२७ मध्ये नियम १७ बाजूला ठेवण्यात आला. त्याच सुमारास विद्यापीठाच्या या शाळेला प्रांताने मान्यता दिली. पंधरा वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं ते इतक्या वळणाने झालं. शहरात इंग्रजी नॉर्मल स्कूल १८७५ पासून होतीच. ती पुढे १९७४ मध्ये विद्यापीठात विलीन झाली, आणि दोन भाषांतलं शिक्षक-प्रशिक्षण एका छपराखाली आलं. तिची जुनी दगडी इमारत आज ऑटवा महापालिकेचा भाग आहे.

मॅनिटोबात असं काही घडलं नाही. तिथे १९१६ च्या कायद्याने दुभाषी शाळाच मोडीत काढल्या. विनिपेगला लागून असलेल्या सेंट बॉनिफेस या फ्रेंच गावात वाढलेली लेखिका गाब्रिएल रॉय ही या काळाची साक्षीदार. तिचा जन्म १९०९ चा, म्हणजे तिची जवळजवळ सगळी शाळा या कायद्याखाली झाली. दिवसभराचा अभ्यासक्रम सरकारी, इंग्रजी. त्याच्या जोडीला नन शिक्षिका फ्रेंच शिकवत, ते कायद्याची नजर चुकवून. निरीक्षक येणार अशी कुणकुण लागली की अशा शाळांमधली फ्रेंच पुस्तकं कपाटात जात आणि इंग्रजी बाकांवर येत. फ्रेंच भाषकांच्या शिक्षणसंस्थेने आपली समांतर व्यवस्थाच उभी केली होती. ती दरवर्षी फ्रेंचच्या स्पर्धा-परीक्षा घेई, आणि गाब्रिएल त्यात बक्षिसं मिळवी. म्हणजे एकाच वर्षात दोन अभ्यासक्रम, एक उघड आणि एक झाकून.

मग ती शिक्षिका व्हायला निघाली. १९२८-२९ मध्ये विनिपेगच्या नॉर्मल स्कूलमध्ये तिचं प्रशिक्षण झालं, ते अर्थातच इंग्रजीतून. त्यानंतर मार्शां आणि कार्दिनाल या खेड्यांत थोडा काळ नोकरी, आणि १९३० पासून सात वर्षं सेंट बॉनिफेसच्या प्रोव्हांशे शाळेत पहिलीच्या मुलांचा वर्ग. त्या वर्गात परदेशांतून येऊन नुकतीच स्थिरावू पाहणाऱ्या घरांतली मुलं होती, प्रत्येकाच्या घरी वेगळी बोली. १९३७ मध्ये तिने नोकरी सोडली आणि ती युरोपला गेली. पुढे ती कादंबरीकार म्हणून नावारूपाला आली: १९४५ ची पहिली कादंबरी, तिला १९४७ मध्ये मिळालेला फ्रान्सचा फेमिना पुरस्कार. पण वर्ग तिच्या मनातून गेला नाही. 'ला पतीत पूल द'ओ' या तिच्या १९५० च्या पुस्तकात एका बेटावर राहणारी लुझिना ही आई सरकारला पत्र लिहून शिक्षक मागते. पहिल्यांदा येते ती फ्रेंच शिक्षिका, दुसऱ्या खेपेला साम्राज्यनिष्ठ इंग्रजी भाषक बाई, तिसरा येतो तो मुलांना घेऊन शिकारीला जाणारा तरुण. शिक्षक बदलला की बेटावरची भाषा, इतिहास आणि मुलांचं भविष्य बदलतं. १९७७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तिने त्या पहिलीच्या पोरांवर पुन्हा एक पुस्तक लिहिलं. एका भाषेतून प्रशिक्षण घेऊन दुसऱ्या भाषेचा जीव सांभाळणाऱ्या शिक्षिकेचं मन कसं असतं, ते समजून घ्यायचं तर अहवालांच्या आधी ही पुस्तकं वाचावीत.

मॅनिटोबात फ्रेंचला माध्यम म्हणून बरोबरीचं स्थान १९७० मध्ये परत मिळालं. मधली चोपन्न वर्षं गेली. आज सेंट बॉनिफेसचं विद्यापीठ फ्रेंचमधून बी.एड. देतं.

साठच्या दशकात सगळीकडेच उलथापालथ झाली. क्वेबेकमध्ये पारां आयोगाने शिक्षक-प्रशिक्षण नॉर्मल स्कूलांमधून काढून विद्यापीठांकडे सोपवण्याची शिफारस केली आणि १९६९ पासून क्वेबेक विद्यापीठाच्या नव्या शाखांनी ते काम उचललं. न्यू ब्रन्सविकमध्ये १९६३ ला मंक्टन विद्यापीठ निघालं. अकादियन म्हणजे तिथल्या फ्रेंच समाजाला आता आपले शिक्षक आपल्या विद्यापीठात घडवता आले. १९६९ मध्ये हा प्रांत अधिकृतपणे दुभाषी झाला, आणि आजवर तो एकटाच तसा आहे.

त्याच वर्षी मिशेल ब्रो या दिग्दर्शकाने मंक्टनमध्ये एक छोटा माहितीपट केला, 'एलोज द्यू शियाक'. शियाक म्हणजे तिथली इंग्रजीमिश्रित फ्रेंच बोली. एक तरुण शिक्षिका आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन बसली आहे, आणि ती मुलं आपल्याच भाषेबद्दल बोलताहेत: आमची फ्रेंच खरी फ्रेंच आहे का, दुकानात गेलो की आम्ही इंग्रजी का बोलतो, क्वेबेकचा माणूस समोर आला की जीभ का अडखळते. आपल्या भाषेची अशी लाज आणि धास्ती यावर मंक्टन विद्यापीठाच्या ॲनेट बुद्रो यांनी आयुष्यभर अभ्यास केला. अशा गावातली मुलगी शिक्षिका व्हायला येते, तेव्हा प्रशिक्षणाने काय करावं? तिची बोली खरवडून काढली, तर ती वर्गात घाबरत बोलेल आणि तीच भीती मुलांत उतरेल. तशीच ठेवली, तर वाचायला-लिहायला प्रमाण भाषा शिकवणार कोण? वऱ्हाडातून, कोकणातून, मराठवाड्यातून पुण्याच्या अध्यापक महाविद्यालयात आलेल्या किती तरी छात्राध्यापकांनी 'न' आणि 'ण' वरून ऐकलेले टोमणे आठवले, तर हा पेच मराठी वाचकाला परका वाटणार नाही. ऑन्टारिओने २००४ मध्ये फ्रेंच शाळांसाठी जे भाषाधोरण आणलं, त्यात मुलांची फ्रेंच ओळख घडवणं हे शाळेचं काम म्हणून मांडलं गेलं. ही चांगली दिशा आहे. बोलीला आधी घरात घ्यावं आणि मग तिला प्रमाण भाषेची खोली दाखवावी.

इमर्शनचा जन्मही साठच्याच दशकातला, आणि तोही आयांच्या हट्टातून. माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या इंग्रजी भाषक आयांनी शाळा मंडळाच्या मागे लागून सप्टेंबर १९६५ मध्ये २६ मुलांची बालवाडी फ्रेंचमधून सुरू करून घेतली. मॅगिलचे वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. मुलांचं इंग्रजी बिघडलं नाही, गणित बिघडलं नाही आणि फ्रेंच आली. त्यांचं पुस्तक १९७२ मध्ये आलं आणि ही पद्धत देशभर पसरली.

पालकांचा उत्साह पुढे धावला, शिक्षकांची तयारी मागे राहिली. पहिल्या पिढीच्या शिक्षकांकडे मातृभाषा म्हणून फ्रेंच होती. इमर्शन कसं शिकवायचं हे मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं, कारण ते नुकतंच जन्मलं होतं. त्यांनी एकमेकांकडून शिकायला सुरुवात केली आणि १९७७ मध्ये आपली राष्ट्रीय संघटना काढली. टोरांटोच्या मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये एक अडचण नेमकी दाखवली. इमर्शनची मुलं ऐकून समजण्यात जवळजवळ फ्रेंच मुलांच्या बरोबरीने येतात, बोलण्यात आणि लिहिण्यात मागे राहतात. नुसतं कानावर पडून भागत नाही. मुलाला स्वतः, ताण देऊन, नेमकं बोलावं लागतं. सुरुवातीच्या त्या 'झे आले' पर्यंत आपण पुन्हा येऊन पोचलो.

कायद्याचं मोठं पाऊल १९८२ मध्ये पडलं. नव्या हक्कपत्राच्या कलम २३ ने अल्पसंख्य भाषकांना आपल्या भाषेतल्या शाळेचा हक्क दिला, आणि १९९० मध्ये एडमंटनच्या पालकांच्या माहे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या शाळा चालवण्यातही त्यांचा अधिकार मान्य केला. बेळगाव-कारवारच्या मराठी पालकांना या निकालाचं मोल समजावून सांगावं लागणार नाही. निकालानंतर पश्चिमेकडच्या प्रांतांत फ्रेंच शाळा मंडळं उभी राहिली आणि त्यांना लागलीच शिक्षक हवे झाले. एडमंटनमध्ये अल्बर्टा विद्यापीठाचा सँ-झाँ हा फ्रेंच परिसर होता, म्हणून तिथे निदान पाया तयार होता. १९०८ मध्ये पाद्री घडवण्यासाठी निघालेली ती संस्था आता शिक्षक घडवते आहे.

आज एखादी तरुणी या वाटेने जायचं ठरवते तेव्हा तिच्यापुढे काय असतं? क्वेबेकमध्ये चार वर्षांचा सलग अभ्यासक्रम, त्यात किमान ७०० तास प्रत्यक्ष शाळेत. फ्रेंचमधून शिकवायचं तर लेखी फ्रेंचची 'टेकफे' ही परीक्षा ७० टक्क्यांनी पार करावी लागते. फ्रेंच मातृभाषा असलेल्यांनाही ती चुकत नाही, आणि अनेकांची झोप ती उडवते. ऑन्टारिओत आधी पदवी, मग बी.एड. हे बी.एड. सप्टेंबर २०१५ पासून चार सत्रांचं झालं, सराव-अध्यापनाचे दिवस ४० वरून ८० वर गेले आणि प्रवेश निम्म्याने कमी केले गेले. योगायोग असा की महाराष्ट्रातलं बी.एड.ही त्याच वर्षी दोन वर्षांचं झालं. ऑन्टारिओत त्या वेळी शिक्षक उदंड आणि नोकऱ्या थोड्या होत्या, त्यामुळे कपात शहाणपणाची वाटली. पण फ्रेंचच्या शिक्षकांची तेव्हाही चणचण होती. एकाच कात्रीने दोन्ही कापडं कापली गेली. ती चूक होती, हे आता स्पष्ट दिसतं.

ऑटवा विद्यापीठात दोन समांतर अभ्यासक्रम आहेत: एक फ्रेंचमधून, फ्रेंच शाळांसाठी, दुसरा इंग्रजीतून. टोरांटोत यॉर्क विद्यापीठाचा ग्लेन्डन परिसर, न्यू ब्रन्सविकमध्ये फ्रेडरिक्टन आणि मंक्टन, ब्रिटिश कोलंबियात सायमन फ्रेझर अशी केंद्रं आहेत. क्वेबेकच्या इंग्रजी शाळांसाठी मॅगिल आणि बिशप्स ही मुख्य नावं. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याची पदवी तर लाव्हालसारख्या फ्रेंच विद्यापीठातही मिळते, आणि ती घेणाऱ्यांना उलट्या बाजूने तोच प्रश्न असतो: आपलं इंग्रजी पुरेसं आहे ना?

ही शंका साऱ्या व्यवसायालाच पोखरते. फ्रेंच शिकवणाऱ्यांची टंचाई इतकी की राजभाषा आयुक्तांच्या कार्यालयाने २०१९ मध्ये त्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. इमर्शनमध्येच शिकून मोठी झालेली शिक्षिका पुन्हा इमर्शनच्या वर्गात उभी राहते, तेव्हा मातृभाषकांसमोर तिची जीभ जड होते. एका तासाची फ्रेंच शिकवणाऱ्यांची व्यथा निराळीच. अनेकींना स्वतःची वर्गखोली नसते. पुस्तकं, चित्रं, खडू एका ढकलगाडीवर रचून त्या दर तासाला नव्या दारात उभ्या राहतात. त्या आत येतात तोवर आधीच्या तासाचं गणित फळ्यावर असतं, भिंतीवर फ्रेंचचा एक शब्द नसतो, आणि निघताना सगळं पुन्हा गाडीवर चढवायचं असतं. पहिल्या काही वर्षांतच यातल्या कित्येक जणी साध्या इंग्रजी वर्गाकडे वळतात. प्रशिक्षणाची क्षमता वाढवून ही गळती थांबणार नाही. त्या गाडीला एक खोली द्यावी लागेल.

सरकारी तिजोरीचा हातही असा आखडता. एप्रिल २०२१ मध्ये सडबरीच्या दुभाषी लॉरेन्शियन विद्यापीठाने दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर ६९ अभ्यासक्रम बंद केले, त्यातले २८ फ्रेंचमधले होते. जिथून बी.एड.कडे विद्यार्थी यायचे, ते झरेच आटले. दुसऱ्या बाजूने कॅमेरून, काँगो, मोरोक्को, हैती इथून आलेली माणसं आज फ्रेंच शाळांचा मोठा आधार आहेत. त्यांच्या अस्खलित फ्रेंचबद्दल प्रश्नच नाही. पण जुन्या पदव्यांना मान्यता मिळवताना त्यांची उमेदीची वर्षं जातात. विद्यापीठांनी त्यांच्यासाठी वेगळी, आखूड वाट काढणं अगत्याचं आहे.

मराठी माणूस या चित्रात आता पुरता बाहेरचा राहिलेला नाही. टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा इथल्या मराठी घरांतली मुलं इमर्शनला जातात. घरी मराठी, अंगणात इंग्रजी, वर्गात फ्रेंच. आई-बाबांना गृहपाठ तपासता येत नाही, त्यामुळे शिक्षिकेवरचा भरवसा हाच आधार. आणि हिंदी महासागरातल्या मॉरिशसमध्ये, जिथे कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि गप्पा क्रिओलमध्ये, तिथे सरकारी शाळांतून मराठी शिकवणारे शिक्षक आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. कोकणातून गेलेल्यांची चौथी-पाचवी पिढी मराठी शिकवते, तेव्हा शब्दाचा अर्थ समजावायला क्रिओल आणि फ्रेंच हाताशी घेते.

ऑटव्यातली गीग शाळा १९७९ मध्ये बंद झाली. मरे स्ट्रीटवरच्या त्या इमारतीत आता वर सदनिका आहेत आणि खाली फ्रेंच भाषक ज्येष्ठ नागरिकांचं केंद्र. तिथून वीसेक मिनिटं चालत गेलं की ऑटवा विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाची लामुरू इमारत लागते. सप्टेंबर उजाडला की पाठ टाचणाच्या वह्या घेतलेल्या छात्राध्यापकांच्या दोन तुकड्या, एक इंग्रजी आणि एक फ्रेंच, तिथून शहरातल्या शाळांकडे निघतात.